आईला ऐकू जाईल असा फोटो

बाबा, आईचा फोन आता बोलतो. तुला जाऊन इतकी वर्षं झाली. तुझ्या वेळी तिच्या मिटल्या डोळ्यांना जे काही दिसायचं ते तुझ्याच तोंडून. गोव्यात, नार्व्याच्या फेरीबोटीत तू तिच्या कानाशी बोलत उभा असायचास. एकदा तिनं मला विचारलं, समोर काय रे? मी म्हटलं, काही नाही, बार्ज आहे. तू भडकलास. "बार्ज आसा तें तिका इंजिनावरून कळतां. खनिजान भरलेली काय रिकामी, तें सांग!" आई हसायला लागली, "सोड मरे ताका, दोळे आसून आंधळो तो."

मी बेंगळुरूत आहे. आठवीत शाळा सुटली, कुठेच टिकलो नाही, आता एका फर्निचरवाल्याच्या वेबसाइटवर फोटो चढवतो. तिथे कामगारांचंही एक पान आहे. त्याची लिंक आईला पाठवली. तिनं माझ्या फोटोवर बोट ठेवलं तर फोन म्हणाला "इमेज", आणि पुढे नुसते आकडे. "तू खंय आसंस रे ह्यात?" मला कळेना. मी नाव तर घातलं होतं, माउस फोटोवर नेला की छोट्या चौकटीत दिसायचंही. साइट सांभाळणारी मुलगी म्हणाली, "ब्राउझर ते माउसवाल्यांना दाखवतो. बोलणारा फोन आधी वर्णनाचा रकाना वाचतो, आणि त्यात तुझ्या फाइलचं आकड्यांचं नाव पडलंय." तिनं तो पुसून दिला. "मराठीत लिही. फक्त 'फोटो' असं लिहू नको, ते फोन स्वतःच सांगतो."

दुपारभर त्या रकान्यासमोर बसलो. फोटोत गालफडं बसलीत, कॉलर सैल झालीय, बघतोय कुठे ते माझं मलाच कळत नाही. इथे दिवसचे दिवस आपल्या भाषेत कुणी हाक मारत नाही. तू असतास तर हे सगळं तिला कसं सांगितलं असतंस? मी लिहिलं: निळा शर्ट, केस विंचरलेले, हसतोय.

संध्याकाळी तिचा फोन. परत परत ऐकलं म्हणे, शेजारणीला बोलावून ऐकवलं. "हसता मरे तू! माझ्या जिवाक बरां वाटलां. मगे चवथीच्या गणपतीक येवची घाई करू नको, काम सांभाळ."

मी हो म्हटलं. हा कागद तुझ्यापर्यंत कुठे पोचणार, म्हणून तुलाच सांगतो. फोटोत मी हसत नाहीये, बाबा. आणि चवथीला मला घरी यायचं होतं.