अण्णाचा ट्रक आणि माझा इंजिन ऑइलचा अभ्यास

मंगळ, १० डिसेंबर
अण्णाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आठवडाभर ट्रक माझ्या ताब्यात. वीस वर्षांत पहिल्यांदा. रविवारी कस्तुरीअक्काच्या मुलीचं लग्न. स्वयंपाकाची भांडी बनशंकरीहून हेब्बाळच्या हॉलवर न्यायची आहेत. मी स्वतः चालवत नेणार. धाकटा भाऊ नुसता लॅपटॉपवाला नाही, हे अण्णाला कळायलाच हवं.
ड्रायव्हर कृष्णाजी म्हणाले, आधी इंजिन ऑइल बदलू, कुठलं ते तुम्ही ठरवा, तुम्ही शिकलेले. माणसाला पारख आहे.

बुध, ११, सकाळी ७
मोठा शोध. ऑइलच्या डब्यावरच्या १५डब्ल्यू-४० मधला डब्ल्यू म्हणजे वेट नव्हे, विंटर. कृष्णाजींना पाऊण तास समजावलं. सरी, म्हणजे बरं, म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांना कोणी सांगितलंच नसावं.
डिपस्टिक काढून पाहिली. जुनं ऑइल असूनही मधासारखं स्वच्छ. इंजिन उत्तम आहे.

गुरु, १२
रजा टाकली. एक्सेल शीट तयार: अकरा ब्रँड, चौदा कॉलम. मॅन्युअलात पंधरा-चाळीसच लिहिलंय. लिहिणाऱ्याने बेंगळूरचा डिसेंबर पाहिलेला दिसत नाही. सोळा अंशाला मी स्वेटर घालतो, इंजिनाने काय पाप केलंय? थंडीत पातळ ऑइल बरं, म्हणून पाच-तीसकडे कल.
सुखदा म्हणाली, अण्णांना विचारा की. बायकोचं काय जातं. डोळ्याला पट्टी असलेल्या माणसाला त्रास देणं मला पटत नाही.
ट्रक चालवायचा सराव राहिला. उद्या नक्की.

शुक्र, १३
जे. पी. नगरचा दुकानदार म्हणाला, जुन्या इंजिनाला पाच-तीस फार पातळ. त्याने न विचारताच पंधरा-चाळीसचा डबा पुढे केला. खपवायचा असेल.
संध्याकाळी वीस-पन्नास पटलं. चहानंतर पटेनासं झालं. सराव नाही.

शनि, १४
निर्णय झाला! दहा-चाळीस. दोन डबे आणले. उद्या आठला माझ्या हातांनी ओतणार, तिथून थेट हेब्बाळ. सराव राहिला, पण कार येते त्याला ट्रक काय. कृष्णाजी म्हणाले, घाई नाही, आरामात या.

रवि, १५, सकाळी ८:२०
डबे, नरसाळं, हातमोजे घेऊन पोचलो. ट्रक नाही. फोन केला. कृष्णाजी हेब्बाळला भांडी उतरवत होते.
ऑइलचं काय, विचारलं. ते सोमवारीच बदललं, म्हणाले. नेहमीचं, पंधरा-चाळीस. मग मला कशाला ठरवायला लावलंत? म्हणाले, अण्णांनीच सांगितलं होतं, त्याला काहीतरी निवडायला द्या, म्हणजे स्टिअरिंग मागणार नाही.
वाईट वाटलं. खूपच. डबे घेऊन रिक्षाने घरी आलो.

दुपारी २, हॉल
अण्णा काळा चष्मा लावून बसला होता. हाक मारून शेजारी बसवलं. ट्रकचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही. मग म्हणाला, पंगतीनंतर विडा साधा द्यायचा की गोड, कुणाला ठरवता येत नाहीये, तू बघ.
दोन्ही तीन-तीनदा खाऊन पाहिले. घाईत ठरवण्यासारखी गोष्ट नाही.