न्हाणीच्या दारावर मोहोळ

सदलगा,
मंगळवार

प्रिय प्रणिता,

फोनवर आप्पांचं नाव निघालं की तुला लगेच मीटिंग असते, म्हणून कागद घेऊन बसले आहे. कागदही तू बाजूला टाकू शकतेस, पण निदान मला ते कळणार नाही. आप्पांचंच सांगायचं आहे. आधीच सांगते, ते अगदी ठणठणीत आहेत. फक्त परवा रविवारी दिवसभर न्हाणीघरात अडकून बसले होते.

त्या दिवशी जैन बस्तीत भगवंतांच्या अभिषेकाचा मान आपल्याकडे होता. उसाला पाणी सोडून आप्पा आले आणि दहाच्या सुमारास परसातल्या न्हाणीत शिरले. मी त्यांचं धोतर दोरीवरून काढत होते, तेवढ्यात डोक्यावर घूं घूं सुरू झालं. वर बघते तो मधमाश्याच मधमाश्या. चार घिरट्या घातल्या आणि बघता बघता न्हाणीच्या दारावर, वरच्या कोपऱ्यात, फणसाएवढा घोस लटकला. निम्मा चौकटीला, निम्मा दाराला. मी ओरडले, दार उघडू नका! आप्पांनी फटीतून बघितलं आणि आतूनच निकाल दिला, "दार हललं तर बिजागरीत शंभरएक तरी चिरडतील. मी न्हाय येत भाईर." तुला माहीत आहे, वाटेत मुंगी दिसली तर ती चिरडू नये म्हणून भरलेला तांब्या घेऊनही उड्या मारत जाणारा माणूस तो.

शेजारचा शामू टेंभा पेटवूनच धावत आला. त्याचा जीव चांगला गं, पण हातात नेहमी काहीतरी पेटलेलं. आतून आप्पा गरजले, "शामू, धूर केलास तर मी भाईर येणार न्हाय!" शामू माझ्याकडं बघून म्हणाला, "वैनी, तसं बी आण्णा आतच हाईत की." मला हसू आवरेना आणि भीतीही वाटत होती. अभिषेकाला शेवटी धाकट्या काकांना पाठवलं. पेरू काढायच्या काठीला अडकवून झरोक्यातून धोतर आणि सदरा आत दिला. ताट द्यायला गेले तर म्हणाले, न्हाणीत बसून कुणी घास घेतो का, आता बाहेर आल्यावरच जेवेन. बारा वाजता मी पुरण घाटायला घेतलं आणि पुरणाचा वास परसापर्यंत जातो हे मला लग्नानंतर पस्तीस वर्षांनी समजलं. झरोक्यातून बारीक आवाज आला, "जायफळ जास्त झालंय काय गं?"

मग मी एक उद्योग केला. तू आप्पांना कळू नये म्हणून माझ्या फोनमध्ये ज्याचा नंबर 'गॅसवाला' म्हणून ठेवला आहेस ना, त्याला फोन लावला. रागावू नकोस. मधमाश्या न मारता नेणारा दुसरा माणूस मला माहीत नाही. आठ महिन्यांपूर्वी आप्पा म्हणाले होते, ज्या घरात मध विकतात तिथं माझी पोरगी द्यायची न्हाय, माश्यांच्या तोंडचा घास काढून पोट भरणारी माणसं ती. तू म्हणालीस, आप्पा व्हय म्हणेपर्यंत या घरात पाऊल टाकणार नाही. दोघंही एकाच गिरणीचं पीठ. त्या दिवसापासून मी तुमच्या जात्यात सापडले आहे. म्हटलं, आज त्या पोराला बघते तरी कसा आहे.

विक्रम हिंडलग्याहून मोटारसायकलवर, मागं लाकडी पेटी बांधून, तीन वाजता दारात हजर. आप्पांना मी सांगितलं, शेतकी खात्याचा माणूस आलाय. त्यानं आधी घोसाला कान लावला आणि म्हणाला, "सातेरी माशी हाय मामी, गरीब जात. धूर नको, पाणी नको. दोन तास द्या." पेटीचं तोंड घोसाच्या वर धरलं आणि हातानं, नुसत्या हातानं गं, कोंबडीच्या पिलांना खुराड्यात घालावं तसं त्यांना आत सारत राहिला. आतून आप्पांची चौकशी चालूच. नाव काय? विक्रम. गाव कुठलं? हिंडलगा. नाव-गाव ऐकून त्यांनी ओळखलंच असणार. मी पदराचं टोक चावत उभी. म्हटलं, आता रागानं दार उघडतात आणि पापही माझ्या माथी येतंय. तर आवाज आला, "जेवलास काय?" तो म्हणाला, "तुमी भाईर आल्यावर एकदमच जेवू."

पाच वाजता राणी पेटीत गेली आणि दार मोकळं झालं. दिवस मावळायला अजून वेळ होता. मी धावत जाऊन ताटं वाढली. पण विक्रमनं पेटी चौकटीलाच टांगून ठेवली होती. म्हणाला, "आण्णा, दार हळू उघडून या तुमी, पण माणूस ये-जा करायला लागला की ह्या बिचकतात. रानात गेलेल्या काही माश्या अजून यायच्या हाईत. त्यांना पेटी हितंच दिसाय पाहिजे, न्हायतर त्या भाईरच राहतील." आप्पा आतून म्हणाले, "मग थांबतो की. सगळ्या घरला आल्याशिवाय मी काय हलत न्हाय."

प्रणिता, तुझ्या आप्पांनी सकाळपासून पोटात काही घातलं नव्हतं आणि दिवस मावळल्यावर ते पाणीसुद्धा घेत नाहीत. कुणाच्या कोण त्या माश्या, त्यांच्यासाठी हा माणूस ओल्या फरशीवर बसून राहिला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. आठ महिने झाले, माझी एक बाहेरच आहे, तिच्यासाठी कोण थांबतंय, असं वाटलं.

अंधारून आलं तशी शेवटची माशी आत गेली, विक्रमनं पेटीचं तोंड बंद केलं आणि आप्पा बाहेर आले. बोटं पाण्यानं सुरकुतलेली. पहिला प्रश्न, किती गेल्या? विक्रमनं मनगट पुढं केलं, चांगलं टम्म सुजलेलं. "एक गेली, आण्णा. माझा हात दाबला तिच्यावर. चूक माझी." खोटं बोलला असता तर कुणाला कळणार होतं? जेवायची वेळ टळलेली, म्हणून विक्रमही जेवला नाही. पुरणाच्या चार होळिगे बांधून दिल्या त्या घेऊन उपाशीच गेला. तुला यातलं काही सांगायचं नाही, असं मीच त्याला बजावलं होतं.

काल दिवसभर आप्पा न्हाणीच्या दाराकडं बघत बसले. आज सकाळी हा कागद आणून त्यांनीच माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाले, लिही तिला. येत्या रविवारी ये म्हणावं, त्या पोराला आणि त्याच्या आईवडिलांना घेऊन ये. दिवस असेपर्यंत पोचा, मागल्या रविवारचं जेवण राहिलंय. मी विचारलं, म्हणजे व्हय म्हणताय काय? तर म्हणाले, "मी जेवायला बोलावलंय." मी एवढंच लिहून पेन ठेवत होते, तर दारातून परत आले आणि म्हणाले, आणखी एक लिही, पाव्हणे म्हणून येताना काय आणायचं ते आणा म्हणावं, मध तेवढा आणू नका.

तुझीच, आणि आजच्यापुरती आप्पांचीही लेखनिक,
आई