भूक मारायची गोळी, स्वस्तात

२ जुलै १९९६, मंगळवार
आजपासून रोजनिशी. कारण घडलंय तसंच.

सकाळी चौदा नंबरच्या लूमवर माझ्या पोटानं ताणा, म्हणजे उभे धागे, तोडला. दोन लूममधली गल्ली अरुंद आहे, हे मी शेठना मागेच सांगितलं होतं. मी मास्टर, म्हणजे चाळीस कारागिरांवर नजर ठेवणं हेच माझं काम. गल्लीतून जावंच लागतं. पोट घासलं आणि धागे तटातट गेले. लूम धुडकूची. तो दीड तास धागे सांधत बसला. त्याला मीटरवर पैसे मिळतात, तेव्हा नुकसान त्याचंच. शेठ बोलले, तेही सगळ्यांसमोर. एक तर गल्ली रुंद करायची, नाहीतर बारीक मास्टर शोधायचा, आणि मास्टर स्वस्त पडेल, असं. सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो.

जेवणाच्या सुट्टीत कोणी नाही बघून सुताची खोकी तोलायच्या काट्यावर उभा राहिलो. चौऱ्याण्णव. हा काटा खोक्यांसाठी असतो. नव्वद धरायला हरकत नाही.

निश्चय: दिवाळीपर्यंत सत्तर.

४ जुलै
उधन्याच्या डॉक्टरांकडे. त्यांनी बीपी बघितलं, रक्त तपासायला घेतलं, पोट दाबलं, म्हणाले रोज चाला, संध्याकाळचा भात बंद. मी गोळी मागितली. ते म्हणाले गोळी आहे, पण महाग पडेल आणि चालल्याशिवाय उपयोग नाही. चालणं फुकट असतं म्हणून डॉक्टर लोक आधी तेच सांगून मोकळे होतात. मी आग्रह धरला. चिठ्ठी मिळाली. भूकच मरते म्हणे. विज्ञान कुठल्या कुठे गेलं!

मंगलाला सांगितलं, शक्तीच्या गोळ्या आहेत. नवऱ्यानं बायकोला भूक मारायची गोळी दाखवणं म्हणजे तिच्या स्वयंपाकाचा अपमान.

५ जुलै
हसमुखभाईंच्या मेडिकलवर चिठ्ठी दिली. त्यांनी आतल्या माणसाला ओरडून सांगितलं, "अरे, पेली पातळा थवानी दवा लाव!" म्हणजे ती बारीक व्हायची दवा आण. दुकानातले सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. किंमत ऐकून मीच स्वतःकडे बघायला लागलो. महिन्याचा डोस लिंबायतच्या आमच्या खोलीच्या भाड्याहून जास्त.

शेजारी एक बाई पोराच्या तापासाठी सुट्या गोळ्या मागत होती. पाच दिवसांच्या लिहिल्या होत्या, तिला दोनच दिवसांच्या हव्या होत्या. आपल्या देशात औषध पुरं घेत नाहीत, ही अडाणीपणाची सवय. मी एकच स्ट्रिप घेतली.

लोक भूक भागवायला मरमर मरतात आणि मी भूक मारायला पैसे मोजतोय, असा विचार वाटेत आला. लोचोच्या नाश्त्याच्या गाडीपाशी थांबलो तेव्हा गेला.

७ जुलै, रविवार
अधिक महिना. सासूबाई पारोळ्याहून जावयासाठी धोंड्याचं पुरण घेऊन आल्या. गोळी सकाळी घेतली होती. भूक खरंच नव्हती. भूक नसताना जेवलो, म्हणजे ते जेवण धरायचं नाही.

१० जुलै
बचत क्रमांक एक. कॅप्सूल उघडून पूड कागदावर ओतली, ब्लेडनं दोन भाग केले. एक स्ट्रिप दुप्पट चालणार. एवढी सोपी गोष्ट डॉक्टरांना सुचत नाही. मंगलानं पंखा लावला.

लादीवरून जेवढं मिळालं तेवढं घेतलं.

१५ जुलै
बचत क्रमांक दोन. औषध कंपन्यांची माणसं डॉक्टरांना नमुन्याची पाकिटं फुकट देतात. ती आपल्याला मिळावीत म्हणून दवाखान्यात बसून राहिलो. टाय लावलेला एक माणूस आला, त्याच्या बॅगेकडे मी जरा वाकून बघितलं. कंपाउंडर म्हणाला, काका, तुमचा नंबर कधीच नाही, उठा. मी उठलोच असतो. बाकड्यावर घट्ट बसलो होतो, वेळ लागला.

स्ट्रिप संपली. वजन पंच्याण्णव. पावसाळ्यात काटा दमट होतो.

१८ जुलै
बचत क्रमांक तीन, आणि ही जमणार. काशिनाथ आमचा फिटर. त्याचा मेव्हणा मुंबईत औषधांच्या घाऊक बाजारात हमाल आहे. तिथे भाव बराच कमी. काशिनाथ दर पंधरवड्याला मुंबईला जातोच.

त्याला बाजूला घेतलं. काशिनाथ म्हणजे निव्वळ काडी. हातात डबा, डब्यात दोन भाकरी आणि ठेचा. चिठ्ठी पुढे केली तर विचारलं, "कशानं शे मास्टर हाई?" मागे धुडकू उभा. 'वजनाची' हा शब्द तोंडापर्यंत आला आणि तिथेच बसला. मी म्हटलं, रक्तात जरा आहे.

काशिनाथचा चेहरा उतरला. मोठं काही आहे का, असं विचारलं. मी म्हटलं, आपल्या हातात काय असतं? हे वाक्य खोटं नाही. कुणाच्याच हातात काही नसतं.

कुणाला सांगू नको, असं बजावलंय.

१९ जुलै
सगळ्यांना माहीत आहे.

गल्लीतून जाताना कारागीर लूम थांबवून बाजूला होतात. हिलाल कारागिराच्या आईनं तुपातली लापशी पाठवली. धुडकूनं उकडलेली अंडी आणली, त्याच्या घरची कोंबडी. मी नको म्हटलं. तो म्हणाला, "भाऊ, खाई ल्या. अंगमां रंगत राहिनं पाहिजे." रक्त म्हणायचं होतं त्याला. डोळे भरले होते त्याचे.

अंडी परत करणं हा माणुसकीचा अपमान झाला असता.

उद्या काशिनाथला खरं सांगतो.

२० जुलै
काशिनाथ रजेवर.

२४ जुलै
काशिनाथ तीन स्ट्रिपा घेऊन आला. पैसे घेईना. मी दोनदा आग्रह केला. तिसऱ्यांदा करणं म्हणजे त्याला गरीब समजणं. या परिस्थितीत खरं सांगितलं तर बिचाऱ्याला किती वाईट वाटेल! थोडे दिवस जाऊ द्यावेत.

औषधाचा खर्च शून्यावर आला आहे, नाश्त्याचाही. एवढी बचत कोणी करून दाखवावी.

३० जुलै
मंगला संध्याकाळी जेवत नाही. विचारलं तर म्हणाली, "कानबाईले बोलेल शे." म्हणजे आमच्या देवीला नवस. साखरही सोडली आहे म्हणे. माझं डाएट बघून तिलाही हुरूप आलेला दिसतो. बायकांचं बरं असतं, एक पैसा खर्च न करता बारीक होतात. मी तिला म्हटलं, छान चाललंय. ती मोरीत गेली आणि बराच वेळ भांडी घासत राहिली. भांडी दोनच होती.

५ ऑगस्ट
शहाण्णव. डॉक्टर म्हणाले होते की चालल्याशिवाय उपयोग नाही. पण आजारी माणूस चालायला लागला तर लोक काय म्हणतील? मला तर आता रिक्षात बसवतात. लिंबायतचे रिक्षावाले माझ्याकडून भाडं घेत नाहीत.

लोटू कारागिरानं आज माझ्या पायाची नडगी अंगठ्यानं दाबून बघितली. खड्डा पडला. मला वाटलं चरबी. लोटू मागे वळून हळूच म्हणाला, "सूज चढनी." लोटूच्या बापाला शेवटी अशीच सूज होती म्हणे.

माणसाला जाड म्हणून हसणारे लोक सुजलेला म्हणून रडतात. मी तोच आहे. हे लिहिताना जरा कसंतरी झालं. पुसलं नाही.

११ ऑगस्ट
सखुबाई शेजारीण घरी आली, माझ्याकडे न बघता मंगलाशी नळावरच्या आवाजात बोलली. तेव्हा कळलं. मंगलाला माझ्या रक्ताचं माहीत आहे. पहिल्या आठवड्यापासून. सखुबाईनंच सांगितलं होतं. म्हणजे मंगला हे सगळे दिवस माझ्याबरोबर एका खोलीत राहून मला काही विचारत नव्हती, मी सांगत नाही म्हणजे मला त्रास होत असेल असं समजून.

तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. मी हे आज बघितलं.

आजच सांगणार होतो. तिनं ताट वाढलं. मेथीची भाजी, कळण्याची भाकरी, वर लोणी. ती समोर बसून माझा घास मोजत होती, कमी होतो की काय म्हणून. अशा वेळी बोलणं बरं दिसलं नसतं.

निश्चय: कानबाई होऊ दे. सणासुदीला घरात भानगड नको. सव्वीसला सोमवारी विसर्जन, सत्तावीसला मंगळवारी सांगणार. पक्कं.

२२ ऑगस्ट
खात्यात, म्हणजे लूमच्या शेडमध्ये, सगळे जमले. काशिनाथनं पाकीट दिलं. दरवर्षी आमच्या चाळीच्या कानबाईला बॅंड असतो, शहाद्याहून येतो, वर्षभर थोडीथोडी वर्गणी जमवून. या वर्षी बॅंड रद्द केला आणि ते पैसे मास्टरच्या औषधाला द्यायचे ठरवलं. कोणाचंच दुमत नव्हतं म्हणे. शेठांनीसुद्धा वरून भर घातली आणि म्हणाले गल्ली रुंद करून देतो.

मी म्हटलं, मला हे घेता येणार नाही. खरंच म्हटलं. पुढचं वाक्य जुळवायला रुमाल काढून तोंड पुसलं. रुमाल बघून लोटू रडायला लागला, मग धुडकू, मग कोण कोण. पाकीट माझ्या खिशात कोणी घातलं ते मी बघितलं नाही.

पैसे कपाटात ठेवले आहेत. खर्च करणार नाही. म्हणजे घेतले असं होत नाही.

२५ ऑगस्ट, रविवार
कानबाई बसली. सगळे भाऊबंद घरात. रोटाचं, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याचं, असं आहे की तो उरवायचा नाही आणि बाहेरच्याला द्यायचा नाही, घरच्यांनीच संपवायचा. पुरणाच्या पोळ्या, खीर, लाल भोपळ्याची भाजी. मंगला दोन घास खाऊन उठली. तिचा वाटा कोणीतरी संपवायला हवा होता. धर्माचं काम.

कॅप्सूल सकाळी एक, दुपारी एक घेतली. काहीही झालं नाही.

२६ ऑगस्ट
विसर्जन. बॅंड नव्हता.

दरवर्षी लिंबायतचे रस्ते दणाणतात. पुढच्या गल्लीची कानबाई ताशे वाजवत गेली. त्यांच्या मागून आमची. आमच्या बायका नुसत्या तोंडानं गाणी म्हणत चालल्या होत्या. गाणं मध्येच थांबलं की चपलांचा आवाज. मंगलाच्या डोक्यावर कानबाईचा पाट होता. तिला तो पेलवत नव्हता, मान थरथरत होती. पुढच्या गल्लीतल्या एका पोरानं विचारलं, तुमच्यात कोणी मेलं का? हिलालच्या आईनं त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावला.

मी सगळ्यांच्या मागे. पोट तुडुंब. एवढ्या माणसांत मला तोंड लपवायला जागा नव्हती, आणि मी मावेन अशी जागा तरी कुठे असते?

खाडीपाशी पाट खाली ठेवताना मंगला बसली ती उठेना. सखुबाईनं पाणी मारलं. उठली. मला म्हणाली, तुम्ही उभे राहू नका, दमाल.

उद्या. उद्या नक्की.

२७ ऑगस्ट, मंगळवार
सकाळी उठलो तेव्हा मंगला घरात नव्हती. कपाट उघडं. पाकीट नव्हतं. आज सांगायचंच होतं, पण ती नसताना कुणाला सांगणार?

२७ ऑगस्ट, संध्याकाळ
ती काशिनाथला बरोबर घेऊन उधन्याला डॉक्टरांकडे गेली होती. पाकीट त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि विचारलं, आणखी लागले तर गळ्यातलं विकते, किती दिवस आहेत ते खरं सांगा. डॉक्टरांना काही कळेना. मग कळलं. त्यांनी माझा कागद काढून वाचून दाखवला. रक्त ठणठणीत. बाकी सगळं ठीक. आहार जास्त.

नंतर त्यांनी तिलाच काट्यावर उभं केलं आणि म्हणाले, बाई, जेवत का नाही?

हे सगळं मला काशिनाथनं दारात उभं राहून सांगितलं. आत ये म्हटलं, आला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं, मी तयारी केली होती, काय काय बोलायचं ते. तो एवढंच म्हणाला, "मास्टर, वजननी शे म्हणी सांगतात तरी मी आणी देतू." आणि गेला. वजनाची आहे म्हणून सांगितलं असतं तरी त्यानं आणून दिली असती.

मंगला मागून आली. मी भिंतीकडे तोंड करून बसलो होतो. वाटलं आता बोलेल, आणि बोलायलाच हवं होतं. ती माझ्या पाठीवर हात ठेवून रडायला लागली. "देवनी कृपा. तुमले काही नही. काहीच नही." इतकी आनंदात मी तिला लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं.

मग ती पेढ्यांचा पुडा घेऊन निघाली. पाकीटही बरोबर घेतलं. चाळीत भिंती पातळ आहेत. मी पंख्याखाली बसून ऐकत होतो. सखुबाईच्या दारात: आमच्या यांना काही झालेलं नाही हो, नुसते जाड आहेत. सखुबाई म्हणाली, काय सांगतीस! पुढे हिलालच्या दारात: काही नाही, खाणं जास्त आहे, बाकी चांगले आहेत. पुढे लोटूकडे: सूज नाही, अंगच आहे ते. प्रत्येक दारात ज्याची जेवढी वर्गणी तेवढी मोजून दिली आणि वर एक पेढा. तिचा आवाज लांब लांब जात होता आणि प्रत्येक घरी तेच सांगत होता, आनंदानं. धुडकू म्हणाला, बरं व्हयनं माय, आमना मास्टर वाचना. हसणं खूप वेळानं आलं, चाळीच्या पार टोकाकडून. आधी एकजण, मग सगळे.

ती परत आली. ताट घेऊन बसली आणि जेवली. भात, वरण, दुसऱ्यांदा भात. मी तिच्याकडे बघत होतो. ती माझ्याकडे बघत नव्हती.

पुड्यात एक पेढा उरला होता. तो तिनं माझ्यासमोर ठेवला.

खाल्ला.