टाकी शेवटी उघडली

१४ नोव्हेंबर, रविवार दुपार

प्रिय पान्या,

या नावानं तुला हाक मारणारं तिकडे कोणी नसेल. खिशात पाना असल्याशिवाय जेवायलाही न बसणारा माझा भाऊ रंगाच्या दुकानात काउंटरमागे उभा कसा दिसत असेल, ते मला अजून डोळ्यांपुढे आणता येत नाही. तुम्ही तिघं बरे असाल. छोटीचे दुधाचे दात पडायला लागले असतील. इकडे मी ठीक, बाबाही ठीक. त्यांचा रक्तदाब ताब्यात आहे, जीभ मात्र नाही.

पत्र बघून दचकू नकोस, कोणी आजारी नाही. फोनवर आपलं ठरलेलं असतं. तू "बरं आहे ना सगळं?" विचारतोस, मी "बरं आहे" म्हणते, मग हवापाण्याचं एखादं वाक्य आणि संपलं. मला या वेळी जास्त बोलायचं आहे आणि मध्येच "ठेवते हं" म्हणायची सोय नको, म्हणून कागद घेतला.

बातमी अशी, की आपला ट्रॅक्टर चालू झाला.

गेल्या महिन्यात एक भंगारवाला आला होता. शेडच्या फटीतून बघून म्हणाला, लोखंडाच्या भावानं घेतो. बाबा खुर्चीतून उठले, काठी टेकत फाटकापर्यंत त्याला पोचवून आले आणि मला म्हणाले, विकायचाच तर चालता विकू. आठ वर्षं कुलपात ठेवलेल्या यंत्राला चालतं करायचं कोणी, हे त्यांनी सांगितलं नाही. मेकॅनिकला बोलवू का, असंही त्यांनी विचारलं नाही आणि मीही तो विषय काढला नाही. मी तुझी जुनी हत्यारांची पेटी पलंगाखालून ओढली.

काय काय केलं ते क्रमानं सांगते. तुला त्यातलं कळतं, आणि मलाही क्रमानं सांगितलं तर पुढचं जमेल.

आधी जुनं डिझेल काढलं. वरून नळी सोडून ओढून घेतलं, चहासारखा रंग आला होता आणि वास रंगाच्या डब्यासारखा. मग नोझल काढले. त्यानंतर डिझेलचा पंप. हो, पंप मी एकटीनं उतरवला. तू शिकवलं होतंस तशी दोन्हीकडे छिन्नीची खूण करून घेतली, म्हणजे परत बसवताना वेळ चुकायला नको. पिशवीत घालून बसनं शहरात पंपवाल्याकडे नेला. तो म्हातारा डोळ्याला भिंग लावून बसतो आणि गिऱ्हाइकाकडे बघतच नाही. त्यानं आतला चिकटा धुतला, पंप तपासायच्या यंत्रावर चढवला, चारही नळ्यांखालच्या काचेच्या नळकांड्या भरेपर्यंत थांबला आणि पहिल्यांदा मान वर केली. विचारलं, कोणी बांधलाय हा? म्हटलं, भावानं, आठ वर्षांपूर्वी. चारही नळकांड्या एका रेषेत भरल्या होत्या, पान्या. तो म्हणाला, इतका सारखा माझ्याकडूनही रोज निघत नाही, काय करतो भाऊ? मी सांगितलं, रंगाच्या दुकानात असतो. त्याला वाटलं मी थट्टा करतेय.

हे वाक्य दोनदा वाच. पंपात तुझी काही चूक नव्हती.

परत आणून बसवला. नळ्यांतली एअर काढायला मला पूर्ण एक सकाळ लागली. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करायचा, इंजिनावरचा छोटा हातपंप मारत राहायचा, फेस बंद होऊन सलग डिझेल आलं की आवळायचं, मग पुढचा स्क्रू. अंगठा सोलून निघाला. मग किल्ली फिरवली आणि तिसऱ्या वेळी इंजिन लागलं. पांढरा धूर, मग काळा, मग काहीच नाही, नुसता तो आपला ठकठक आवाज. बाबा शेडच्या दाराशी खुर्ची टाकून बसले होते. चष्मा काढून पुसत बसले.

पंचवीस मिनिटांनी बंद पडला.

आधी दम कमी झाला, आवाज घोगरा झाला, आणि विझला. पंधरा मिनिटं थांबून किल्ली मारली तर काहीच झालं नसल्यासारखा लागला. परत पंचवीस मिनिटं. परत बंद. बाबांचा पाय अधू झाला त्या दिवशीही तो असाच बंद पडला असणार, हे मला तिथेच कळलं. बाबांनाही कळलं असावं. त्यांनी खुर्ची उचलली आणि आत गेले.

मग मी एकेक करत गेले. दोन्ही फिल्टर नवे घातले. तांब्याचे वॉशर सगळे बदलले. काचेची वाटी उघडून गाळ धुतला. फीड पंपाचा पडदा बघितला, ठीक होता. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं असेल म्हणून झाकण ढिलं ठेवून चालवून पाहिला. काही फरक नाही. नऊ दिवस गेले यात. स्वयंपाकघरातही डिझेलचा वास यायला लागला. बाबा म्हणाले, भातालाही फोडणी डिझेलची दिलीस का?

आतापर्यंत तुझ्या लक्षात आलंच असेल. वाचता वाचता तू मनात ओरडत असशील, "ताई, उलटं का चाललीस?" तूच मला शिकवलं होतंस, की डिझेल ज्या वाटेनं जातं त्या वाटेनं जायचं. आधी टाकी, मग कॉक, मग वाटी, फिल्टर, आणि पंपाला सगळ्यात शेवटी हात. दहा मिनिटांत होणारी तपासणी सोडून मी पंप उतरवून शहरात नेला. जुनं डिझेलसुद्धा खालचा नट न खोलता वरून काढलं.

दहाव्या दिवशी बाबा खुर्चीतून म्हणाले, "टाकीकडे कधी बघणार आहेस?"

मी म्हटलं, बघते. टाकीखालची नळी सोडली, कॅन लावला, कॉक उघडला. बोटाएवढी धार पडली. मी आणि बाबा दोघं बघत उभे. थोड्या वेळानं ती पेन्सिलीएवढी झाली. मग दोऱ्याएवढी. मग थेंब. टाकी तर निम्मी भरलेली. मी नळीला तोंड लावून वर फुंकलं, आत बुडबुडा वाजला आणि धार परत बोटाएवढी.

बाबांनी मान हलवली. आत काहीतरी आहे, ते डिझेलबरोबर ओढलं जाऊन भोकावर बसतं, आणि इंजिन थांबलं की तरंगून बाजूला होतं, हे कळायला त्यांना मेकॅनिक लागला नाही. टाकी उतरवली, रिकामी केली, तारेचा आकडा करून आत घातला. निघालं ते एक फडकं. उशीच्या अभ्र्याचा फाडलेला तुकडा, तळहातापेक्षा थोडा मोठा. काळं झालं होतं, पण पिळल्यावर निळ्या रेघा दिसल्या.

तो अभ्रा माझा. फाडलाही मीच.

पान्या, तू तीन दिवस खपून पंप बांधलास आणि झाकणाचे आटे गेले होते म्हणून नवं झाकण आणायला गेलास, ती दुपार आठवते? जाताना म्हणालास, ताई, तोपर्यंत जरा धुऊन ठेव, नव्यासारखा दिसू दे. मी पाण्याचा पाइप लावला. टाकीत पाणी जाऊ नये म्हणून तोंडाला फडक्याचा बोळा लावला. जरा घट्ट बसावा म्हणून अंगठ्यानं दाबला आणि तो आत गेला. टाकी काठोकाठ भरलेली होती. मी तार घालून बघितलं, हाताला लागला नाही. तेवढ्यात तू झाकण घेऊन आलास. इतका खूश होतास, की शीळ घालत आला होतास. सगळं डिझेल काढून परत टाकी उतरव, असं मला म्हणवेना. वाटलं, फडकं तर आहे, तळाशी पडून राहील. संध्याकाळी सांगू म्हटलं. संध्याकाळी वाटलं, उद्या सांगू.

चार दिवसांनी बाबा बटाट्याची भरलेली ट्रॉली घेऊन कालव्याच्या चढावर गेले.

इंजिन विझलं, ब्रेक धरले नाहीत, ट्रॉली मागे ओढत गेली, बाबांचा पाय सापडला. हे सगळं तुला माहीत आहे. दवाखान्यातून आल्यावर बाबा लोकांसमोर तुला काय बोलले तेही माहीत आहे. शेडला कुलूप लागलं. तुला माहीत नाही ते एवढंच, की बाबा "तू माझा पाय घेतलास" म्हणाले, तेव्हा मी दारामागे उभी होते आणि मला कारण ठाऊक होतं. खात्री नव्हती, असं मी आठ वर्षं स्वतःला सांगत आले. पण ज्याला खात्री नसते तो टाकी उघडून बघतो. मी कुलपाची किल्ली कुठे असते ते माहीत असून कधी उघडलं नाही.

त्याहून वाईट एक गोष्ट आहे. तू निघालास त्या सकाळी मी बसपर्यंत सोडायला आले होते. तू म्हणालास, "माझ्याकडूनच एखादा स्क्रू ढिला राहिला असेल ताई." आणि मी तुझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाले, "असू दे, होतं माणसाकडून."

माझ्या चुकीबद्दल मी तुला माफ केलं. हे वाक्य मला आठ वर्षं झोपेतून उठवतं. तू पाना सोडलास तो त्यानंतर.

आता बाबांचं. आकड्याला फडकं लटकत होतं, डिझेल टपकत होतं, आणि ते म्हणाले, कुठून आलं हे? तेव्हाही मला म्हणता आलं असतं, कोणास ठाऊक. खरं सांगते, ते तोंडाशी आलं होतं. मग म्हटलं, "मी घातलं होतं. त्याला माहीत नव्हतं." आणि सगळं सांगितलं, आत्ता तुला लिहिलं तसं, फक्त जास्त अडखळत.

त्यांनी रागावावं म्हणून मी वाट बघत होते. ते रागावले नाहीत. टाकी धुऊन परत बसव, एवढं म्हणाले. दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलले. ताट वाढलं तर जेवत होते, पण मान खाली. तिसऱ्या दिवशी मी भांडी घासत होते. ते मागे येऊन पायरीवर बसले. दुखरा पाय सरळ करायला त्यांना वेळ लागतो, तो केला. मग म्हणाले, "त्या दिवशी सकाळी तो दोनदा बंद पडला होता."

मला आधी समजलं नाही. ते सांगत गेले. तू शेजारच्या वस्तीवर कोणाचं तरी इंजिन बघायला गेला होतास. बाबांनी शेतात ट्रॅक्टर लावला, बंद पडला. थोड्या वेळानं लागला. परत बंद पडला. त्यांना वाटलं, तुझी वाट बघावी. मग वाटलं, पोराची वाट बघत ताटकळायला मी काय नवशिका आहे? त्यांनी ट्रॉली भरायला सांगितली, आणि नेहमीपेक्षा दहा पोती जास्तच. हे त्यांनी कोणालाही सांगितलं नाही. शेडला कुलूप लावलं ते त्यासाठी. तू दोनदा किल्ली मागायला गेला होतास म्हणे, एकदा बघू तरी द्या म्हणून. मला हे ठाऊक नव्हतं. बाबा म्हणाले, "त्याची चूक निघाली नसती तर मी तोंड कुठे दाखवलं असतं?"

मी नळ बंद केला. हात पुसून त्यांच्याजवळ पायरीवर बसले. एका घरात, एका टेबलाशी, आठ वर्षं दोघांनी वेगवेगळं गिळून ठेवलं होतं आणि तू तिकडे एकटा दोघांचं ओझं घेऊन बसलास.

हे पत्र तुझ्या बायकोलाही वाचायला दे. लग्नाआधी तू तिला सगळं सांगितलं होतंस, असं ती एकदा मला फोनवर म्हणाली होती. तिच्याकडेही ते दुरुस्त व्हायला हवं. इथे ज्यांच्यासमोर बाबा तुला बोलले, त्यांतले तिघं हयात आहेत. काल बाबांनी तिघांना घरी बोलावलं आणि माझ्यासमोर सांगितलं, आधी त्यांचं, मग मी माझं. एकानं, एवढी जुनी गोष्ट कशाला, असं म्हटलं. बाबा म्हणाले, तुम्हाला जुनी असेल.

माफ कर असं मी लिहीत नाही. तुझ्या रागाला जागा हवी, ती मी शब्द घालून अडवणार नाही. तू फोन उचलला नाहीस तरी मी समजून घेईन, आणि ओरडलास तर मध्येच ठेवणार नाही.

ट्रॅक्टर काल चार तास सलग चालला. विकायचं नाव बाबांनी काढलेलं नाही. पत्रात तुमच्याकडून काय लिहू, असं मी त्यांना विचारलं. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "लिही, क्लच घसरतोय. मी तो दुसऱ्या कोणाला उघडू देणार नाही."

मी म्हटलं, बाबा, हे पत्र क्लचबद्दल नाही.

म्हणाले, "ठाऊक आहे मला. तू तेवढंच लिही."

लिहिलं आहे.

आठ वर्षं स्वतःची चूक तुझ्या नावावर राहू देणारी,
तुझी सख्खी बहीण