पाच शब्द आणि एक वाक्प्रचार

१२ नोव्हेंबर

निमगाव केतकीच्या स्टँडवर बारामतीच्या एसटीतून आज एक इंग्रजी पेपर उतरला – माझ्यासाठी! पेपरवाला म्हस्कू म्हणाला, "तात्या, डाळिंबं भरायला रद्दी पायजे व्हती तर तसं सांगायचं की!" मी पैसे दिले. घडी करून काखेत मारला नि घरी आलो.

माझी बायको माधवी पाच महिने बोललेली नाही. जूनमध्ये झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. बारामतीचे डॉक्टर म्हणाले, तिला आवडायचं ते रोज कानावर पडू दे. अठ्ठावीस वर्षं तिनं गावातल्या पोरांना इंग्रजी शिकवलं, तेव्हा तिला काय आवडतं ते सगळ्या गावाला ठाऊक. पण वाचणारा घरात मी एकटाच – नववी नापास!

१३ नोव्हेंबर

पहिला मथळा अडखळत वाचला. तिनं डाव्या हाताचं बोट खाटेच्या कठड्यावर आपटलं – टक्! वर्गात कुणी चुकलं की टेबलावर आपटायची, तसंच. पुन्हा वाचलं. पुन्हा टक्! अर्ध्या तासात एकोणीस वेळा. पण डोळे कसे जागे झाले होते तिचे!

२० नोव्हेंबर

अविराज येऊन गेला. तिचा जुना विद्यार्थी, आता इंदापूरला इंग्रजीच शिकवतो. म्हणाला, "बाई रोज पेपरातले पाच शब्द न् एक वाक्प्रचार लिहायला लावायच्या, तात्या. आणि तो घालून सोताचं वाक्य. पण खरं पायजे! उगं पुस्तकी चालायचं न्हाय."

वही आणली. लिहून झालं की तिच्यापुढं धरायची. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली, आता तिच्या वर्गात नाव घातलं.

४ डिसेंबर

मथळा होता – 'शुगर स्टॉक्स रॅली'. मी ऐटीत अर्थ सांगितला : कारखान्याच्या गोदामात साखर पडून आहे, म्हणून मोर्चा निघाला. शेजारच्या द्वारकाबाई बसल्या होत्या. "बरं केलं! भाव द्या म्हणावं आदी!" त्या म्हणाल्या.

टक् टक् टक् टक् – बोट थांबेना! मग तिचं तोंड एका बाजूला वाकडं झालं. मला वाटलं, पुन्हा झटका आला. आणि बघतो तर काय, हसत होती! जूनपासून पहिल्यांदा.

संध्याकाळी अविराजनं फोनवर सांगितलं, साखर कारखान्यांचे शेअर वधारले, एवढीच बातमी. मोर्चाबिर्चा काही नाही.

२९ डिसेंबर

आज टकटक दोनच वेळा. सुधारलो म्हणून खूश व्हावं, तर ती मधेच डोळे मिटून घेते. मी चुकलो नाही तर तिला कामच उरत नाही.

३ जानेवारी

मुद्दाम चुकलो. टक्! फार बरं वाटलं.

९ जानेवारी

पकडलं! काल नीट वाचलेला शब्द आज मोडून वाचला. तिनं बोट उचललं. माझ्याकडे पाहिलं. बोट तसंच खाली ठेवलं नि तोंड भिंतीकडे फिरवलं. रात्री जेवलीसुद्धा नाही. अभ्यास केला नाही तर ती पोरांना माफ करायची, खोटेपणाला कधीच नाही. मला कळायला हवं होतं.

११ जानेवारी

दोन दिवस तोंड भिंतीकडेच. शेवटी खाटेशी उभा राहून कान धरले. सदुसष्टाव्या वर्षी! "बाई, चुकलो. परत खोटं करायचो न्हाय." बऱ्याच वेळानं मान वळली. तिनं माझा हात कानावरून काढला आणि तसाच धरून ठेवला. पेपर आज उघडलाच नाही.

२ फेब्रुवारी

बारामतीला दाखवायला नेलं. डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. "बोलणं परत येईल, अशी आशा आता धरू नका." गाडीत ती सारखी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी बाहेरचा ऊस बघत बसलो.

३ फेब्रुवारी

आजचा वाक्प्रचार – 'थ्रो इन द टॉवेल'. मुष्टियुद्धात आपला गडी हरतोय असं दिसलं की त्याच्या माणसानं टॉवेल आत फेकायचा. म्हणजे हार कबूल. आपल्याकडे कुस्तीत पाठ टेकली की संपलं, टॉवेल लागत नाही.

स्वतःचं वाक्य लिहायचं होतं. खरं. लिहिलं – 'माय वाइफ विल नेव्हर स्पीक अगेन. आय हॅव थ्रोन इन द टॉवेल.' माझी बायको पुन्हा कधीच बोलणार नाही, मी हरलो. लिहिलं नि वही मिटली. तिनं हात पुढं केला. रोज दाखवतो, आज नाही कसं म्हणू? दिली.

खूप वेळ वाचत होती. टक् केलं नाही. माझ्या खिशातलं पेन ओढून घेतलं, टोपण दातांनी काढलं आणि डाव्या हातानं सबंध मजकुरावर फुली मारली. इतकी जोरात की कागद फाटला.

झटक्यानंतर आज पहिल्यांदा तिनं पेन धरलं. पण माझं चुकलं काय?

५ फेब्रुवारी

वही घेऊन इंदापूर गाठलं. अविराजनं शाळेच्या व्हरांड्यात दोनदा वाचलं. "तात्या, इंग्रजीत काहीच चूक न्हाय. शब्दन् शब्द बरोबर हाय."

म्हणजे तिनं फुली माझ्या इंग्रजीवर नाही, माझ्या हरण्यावर मारली! मी तिथंच पायरीवर बसलो आणि पोरांच्या देखत रडलो. आनंदानं!