आईच्या हातचा काढा

दादा,

तू कधी दारूला शिवला नाहीस, तरी तुझं लिव्हर गेल्यावर अख्खी गल्ली म्हणाली, ‘चोरून ढोसत असणार.’ तू ठेवलेल्या नावाला जागून मी एकेकाशी भांडले. मग हट्टाने लिव्हरच्या आजारांवरच्या संशोधनातच नोकरी धरली. दिवसभर मायक्रोस्कोपखाली लिव्हरचे काप बघते.

आज कारण सापडलं. तुझ्या लिव्हरच्या जपून ठेवलेल्या कापात जशा जखमा आहेत, तशाच एका मुळीची पूड घेणाऱ्या बाकीच्या रोग्यांमध्येही आहेत. ती मुळी तुला चांगली माहितीये. ताकद यावी म्हणून आई तुला रोज तिचाच काढा द्यायची. तुझी कावीळ वाढली, तसा तिने काढाही वाढवला.

येताना रस्त्यातच ठरवलं, हे आईला कधी कळू द्यायचं नाही. ती अजून म्हणते, ‘आधीपासून दिला असता, तर माझं लेकरू वाचलं असतं.’

घरी आले, तर ती खिडकीशी बसून काढाच पीत होती. तू गेल्यापासून डबाभर पूड पडून होती, ती वाया कशाला घालवायची, म्हणून गेला महिनाभर पितेय म्हणे. तिने मान वर केली आणि उजेडात तिचे डोळे दिसले. पिवळे झालेत, दादा. तुझे झाले होते तसेच.

मी पेला हिसकावून घेतला.

‘का गं?’ एवढंच विचारलं तिने.

ती बाहेर उत्तराची वाट बघत बसलीये. मी आत येऊन तुला लिहितेय, कारण जन्मात पहिल्यांदा माझं तोंड उघडत नाहीये.

तुझी,
भांडकुदळ