केशव, नारायण, माधव आणि क्लेअरचा शिपाई

आई,

तुझ्या वडिलांचं नाव मला यंदाच्या श्रावणात कळलं. माझं वय आता पंचावन्न, तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली, म्हणजे घाई केली असं कुणी म्हणणार नाही. गेली वीस वर्षं दर सर्वपित्री अमावास्येला मी त्यांना पिंड देतोय, पण तो केशव या नावाने. केशव नावाचा माझा कुणी आजोबा नव्हता, हे तुला माहीत होतं, अण्णांना माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही होतं.

निमित्त अगदी घरगुती झालं. आपले म्हातारे भटजी गेले. त्यांना सगळ्या घरांची सगळी नावं पाठ असायची, त्यामुळे मला कधी तोंड उघडावं लागलं नाही, नुसती मान हलवायची. नवे भटजी सत्तावीस वर्षांचे आहेत, मोटारसायकलवरून येतात आणि कामाला फार व्यवस्थित. त्यांनी फोनवर निरोप पाठवला: ‘सर, आईकडच्या आणि वडिलांकडच्या तीन-तीन पिढ्यांची नावं, गोत्रं टाईप करून पाठवा, त्या दिवशी घोळ नको.’ अण्णांकडची पटापट लिहून झाली. मग तुझ्याकडची लिहायला घेतली, ‘केशव’ लिहिलं आणि अंगठा थांबला. इतकी वर्षं ते अण्णांचं खोटं होतं, मी ते फक्त पुढे चालवत होतो. आता ते माझ्या हाताने लिहायचं होतं.

अण्णांची ती श्राद्धाची वही तुझ्या डोळ्यांसमोर असेलच. कारखान्यातले पाठकोरे कागद शिवून केलेली. त्यात तुझ्या माहेरच्या तीन पिढ्या त्यांच्या इंजिनिअरी अक्षरात लिहिलेल्या आहेत: वडील केशव, आजोबा नारायण, पणजोबा माधव, गोत्र काश्यप. माझ्या मुंजीत मला आचमन शिकवलं, केशवाय नमः, नारायणाय नमः, माधवाय नमः, आणि तिसऱ्या पळीला मी गांगरलो. ही तर आईकडची माणसं! सोवळ्यातून तसाच उठून मी स्वयंपाकघरात आलो आणि विचारलं, "आई, तुझे बाबा, आजोबा, पणजोबा आचमनातल्यासारखे ओळीनं कसे?" तू खीर ढवळत होतीस. इतकी हसलीस की पदराने डोळे पुसावे लागले. "अण्णांना विचार," म्हणालीस, "त्यांनीच ठेवलीत ती नावं." मी विचारलं नाही. मुलांना कळतं कुठे विचारायचं नाही ते. अण्णांवर ती वेळ आली तेव्हा काय झालं असेल ते मी नंतर ताडलं. भटजींनी अचानक सासऱ्यांचं नाव विचारलं असणार, आणि या सज्जन माणसाला आयुष्यात दुसरं काही रचून सांगायची सवय नसल्यामुळे जे तोंडपाठ होतं तेच ओळीनं बाहेर पडलं असणार. गोत्राचं तर काय, ज्याचं माहीत नाही त्याचं काश्यप, एवढी सोय शास्त्रानेच करून ठेवली आहे.

नातेवाइकांना सांगितलेली गोष्टही तशीच साधी होती. रत्नागिरीकडची अनाथ मुलगी, मिशनच्या बोर्डिंगात वाढली, म्हणून मराठी जरा अडखळत बोलते. कारखान्यात टायपिस्ट आहे. पुढचं काम तुझ्या डोळ्यांनी केलं. गोरा रंग, घारे डोळे, आता आणखी काय पुरावा हवा! तीन-साडेतीनशे वर्षं बंगळुरात मुरलेलं आपलं देशस्थ घर, त्यांनी खरा कोकणस्थ पाहिलाच होता कुठे. अण्णांची थोरली बहीण, आपली अक्का, तर आयुष्यभर त्याच चष्म्यातून तुझ्याकडे बघत राहिली. तू भाजीत तेल बेताचं घातलंस की, "कोकणस्थीण ती, थेंब मोजून ओतणार." तू गप्प राहिलीस की, "कोकणस्थांचा मानीपणा गं बाई, स्वल्पसुद्धा कमी नाही." श्राद्धाचे वडे पानात कमी पडले की, "बघा, मोजून तळलेत." आणि तू वाढत राहायचीस. आत भटजी अण्णांकडून सासऱ्यांच्या नावाने तीळपाणी सोडवून घ्यायचे, आणि बाहेर त्याच माणसाची मुलगी खोट्या नावासाठी सोवळ्यात स्वयंपाक करत असायची. तुला काय वाटत असेल, हा प्रश्न मला वेळेवर पडला नाही. संस्कृत शिकवणाऱ्या माणसाला बरेच प्रश्न पडतात, त्यात हा नव्हता.

अण्णा गेले त्या वर्षी श्राद्धाला मी बसणार होतो. महालय लागायच्या आधीची सकाळ. के. आर. पुरमच्या घरात तू जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडते आहेस, मी चहा पितोय. दूधवाला येऊन गेला असं सांगावं तशा आवाजात तू म्हणतेस, "माझे पप्पा रेल्वेत फिटर होते. आम्ही कॅथलिक. पप्पांचे आजोबा पलटणीतून आयर्लंडहून आलेले." तू मेथीकडे बघत विचारतेस, "आता तू बसणार आहेस. पप्पांचं खरं नाव घेशील का?"

"भटजींना काय सांगायचं?"

"नाव सांगायचं."

"बघू," मी म्हणतो. "पुढच्या वर्षी बघू."

"सरी," तू म्हणतेस, तुझं नेहमीचं कन्नड ‘बरं’, आणि देठं गोळा करतेस.

पुढच्या उन्हाळ्यात तू गेलीस. त्या सकाळी मी नाव काय होतं एवढंसुद्धा विचारलं नव्हतं.

म्हणून भटजींचा निरोप आल्यावर मी तुझी ट्रंक काढली. तळाशी टायपिंगच्या परीक्षेचा दाखला होता, तुझ्या लग्नाआधीच्या पूर्ण नावाचा. तो घेऊन कँटोन्मेंटातल्या जुन्या चर्चच्या कार्यालयात गेलो. तिथल्या बाई साधारण माझ्याच वयाच्या, चष्मा साखळीला बांधलेला. दाखला बघून त्यांनी एक सुस्कारा सोडला. "आयरिश पासपोर्ट हवाय ना? सगळे त्यासाठीच येतात. आधीच सांगते, आजोबा चालतात, पणजोबा चालत नाहीत."

"आमच्याकडे पणजोबांच्या वरचेही चालतात," मी म्हटलं. "पण तीनच पिढ्या हव्यात."

"कुठल्या देशाचा पासपोर्ट तो?"

मी म्हटलं, तिकडे जाऊन परत आलेला कुणी अजून भेटलेला नाही. त्या हसल्या नाहीत, पण कपाट उघडलं.

ती जाड बाडं लॅटिनमध्ये आहेत, आई. पहिलं पान उघडलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण ते मला थोडंथोडं वाचता येत होतं. रकान्यांच्या डोक्यावर ‘नोमेन’, ‘पात्रिस’, ‘मात्रिस’ लिहिलेलं. नाम, पिता, माता. ज्या विद्येच्या आडोशाला मी लपलो होतो, तिचीच लांबची बहीण पुढे येऊन पान उलटून देत होती. तुझा बाप्तिस्मा दुसऱ्या दिवशी सापडला. त्यात तुझ्या वडिलांचं नाव, धंदा फिटर. मी ते नाव हळूच म्हणून पाहिलं. बाईंनी विचारलं, "पाणी हवंय का?" तुझ्या वडिलांच्या बाप्तिस्म्यात त्यांच्या वडिलांचं नाव मिळालं, आणि त्या वडिलांच्या नोंदीत तिसरं, आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातून आलेल्या शिपायाचं. त्या शिपायाची कबर जुन्या दफनभूमीत अजून आहे. दगडावर शेवाळ चढलंय, अक्षरं डोळ्यांपेक्षा बोटांनी लवकर लागतात. गावी कुणी वाट बघत असल्यासारखं त्याच्या नावाखाली गावाचं नाव कोरलंय.

त्याच्याही मागे जावं असा मोह झाला. क्लेअरमधल्या त्या गावच्या चर्चची जुनी बाडं आता संगणकावर बघता येतात. आठवडाभर बघितली. त्या गावात त्याच सुमाराला त्याच नावाची तीन पोरं जन्मली आहेत, तिघांच्या बापांची नावं वेगळी. आपला कोणता ते कुणी सांगू शकणार नाही. पण शास्त्र इथे उदार आहे. पिंड तीन पिढ्यांना, आणि त्यांच्या मागच्यांना पिंड वळल्यावर हाताला चिकटून राहतो तो भात. तेव्हा अख्खं क्लेअर माझ्या तळहातावर पुसून घ्यायला मोकळं आहे, तिन्ही बापांसकट.

यानंतरचं लिहायला मला चार दिवस लागले. दफनाच्या बाडात तुझ्या वडिलांची नोंद आहे. त्या तारखेला मी सहावीत होतो. पुन्हा बघितलं, बाईंनाही बघायला लावलं. म्हणजे तुझ्या लग्नापासून मी सहावीत जाईपर्यंत अण्णा दर वर्षी ज्यांना तीळपाणी देत होते ते सासरे दहा मैलांवर जिवंत होते. पेपर वाचत असतील, दाढी करत असतील. आणि ते खरोखर गेले तेव्हा तुला सुतक नव्हतं, कारण आपल्या घरी ते केव्हाच वारले होते. तुझ्याकडून त्या दिवसाची काही खूण मला आठवते का, म्हणून मी सगळं सहावीचं वर्ष उलटंपालटं केलं. काहीच आठवत नाही. तू डबा दिला असशील, मी शाळेत गेलो असेन.

त्यांच्या कबरीवर दगड नाही, नुसता क्रमांक आहे. मी तिथे उभा होतो तेव्हा राखणदार आला, सत्तरीचा, तमिळ मिसळलेलं कन्नड बोलणारा. म्हणाला, "इकडे कुणी येत नाही. पूर्वी एक अम्मा यायची, कुंकू लावलेली, साडीतली."

"केव्हा यायची?"

"दसऱ्याच्या आधी, वर्षातून एकदा. डब्यात वडे आणायची. एक इथे ठेवायची, एक मला. मी म्हणायचो, अम्मा, आमच्यात फुलं ठेवतात. तर म्हणायची, फुलं ते खात नाहीत."

मी विचारलं, दगड का नाही बसवला. तो म्हणाला, "मीही विचारलं होतं. म्हणाली, दगड बसवला तर खाली बसवणाऱ्याचं नाव घालावं लागतं."

सर्वपित्रीच्या दुसऱ्या दिवशी तू कँटोन्मेंटाजवळच्या शिवाजीनगरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचीस. अक्का दर वर्षी तणतणायची, "घटस्थापना सोडून हिला डोळे तपासायचे असतात!" आणि वडे मोजून तळतेस असंही तीच म्हणायची. तेवढं एक मात्र तिचं बरोबर होतं.

मी भटजींना नावं पाठवली. पाच मिनिटांत फोन आला. "सर, आईकडची नावं ऑटोकरेक्ट झालीत वाटतं."

"नाही हो. तीच आहेत. आईचं माहेर आयरिश होतं."

मी दोन ग्रंथांतले आधार काढून समोर ठेवले होते, चष्माही लावला होता.

"सरी सर," ते म्हणाले. "गोत्र?"

"काश्यप."

"बरं. आणि दर्भ मी आणतो, तुम्ही आणू नका, बाजारातले वाळलेले असतात."

एवढंच. ग्रंथ मी परत कपाटात ठेवले. वीस वर्षांपूर्वी तू म्हणाली होतीस, नाव सांगायचं, आणि खरोखर तेवढंच करायचं होतं.

परवा अमावास्या झाली. तिन्ही नावं घेतली. भटजींनी ती आधी म्हणून बघितली होती बहुतेक, माझ्यापेक्षा स्वच्छ म्हणत होते. फिटरच्या नावाला माझा आवाज लागला नाही, तेव्हा ते थांबले आणि म्हणाले, "सावकाश, सर." मग मी पुन्हा घेतलं. दुसऱ्या दिवशी वडे घेऊन गेलो. राखणदाराने त्याचा खाल्ला आणि तुझ्यासारखे नाहीत म्हणाला.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, त्यामुळे एक गोष्ट लिहायला हरकत नसावी. त्या यादीत तुझंही नाव होतं, आणि मी ते अण्णांनी लग्नात ठेवलेलंच पाठवलं. दाखल्यावरचं तुझं खरं नाव मी आधी टाईप केलं होतं, मग पुसलं. त्या नावाची मुलगी टायपिंग शिकली, तिला तिचे पप्पा त्या नावाने हाक मारत असतील. मी तिला कधी भेटलो नाही. मला भीती वाटली, आई, की त्या नावाने बोलावलं तर ती येईल, आणि तू यायची राहशील.